तड्याची दोन टोके



इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसन टीई-२० जातीचे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. अशाच ट्रॅक्टरांवरून एडमंड हिलरी १९५८ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचले. ब्रिटनमध्ये अनेक घरी आजोबांचा हा ट्रॅक्टर नातवंडे आजही जपतात. कडाक्याच्या थंडीत इंजिनातील पाणी काढायचे राहिले, की त्याचा बर्फ होतो, तो सुमारे ९ टक्के अधिक जागा मागतो आणि बिडाचा ब्लॉक तडकतो.

बीड कठीण, तितकेच ठिसूळ. घाईने वेल्डिंग केल्यास तापलेला भाग निवताना आक्रसतो आणि शेजारीच नवा तडा जातो. म्हणून जाणता कारागीर प्रथम रॉकेल व खडूच्या साहाय्याने तडा कोठवर गेला आहे ते पाहतो. दोन्ही टोकांना छिद्रे पाडून त्याची वाढ थांबवतो. मग तड्याच्या रेषेवर एकमेकांत किंचित शिरणारे आट्यांचे खिळे बसवीत जातो. आचेशिवाय बीड शिवले जाते. शेवटी पाण्याच्या दाबाने सांध्याची परीक्षा होते.

गुणपत्रिकेतील लाल रेघ पाहताच घराघरांत असाच ताव चढतो. तडा मात्र पुष्कळदा दोन इयत्ता मागे, अपूर्णांकांच्या धड्यात सुरू झालेला असतो. ते टोक सापडेपर्यंत पालकांनी आणि शिक्षकांनी आच दूर ठेवावी. मूल भंगारात काढण्याची वस्तू नव्हे.