देवराई आणि आपण

(मांजरी येथे मंडळीच्या मेळाव्यात केलेले भाषण)



सुरुवातीलाच एक कबुली देतो. सेवेला लागलो तेव्हा माझा थिऑलॉजीचा डिप्लोमा नवाकोरा होता. आंबेगाव तालुक्यातल्या एका महादेव कोळी वाडीत, नव्याने विश्वास ठेवलेल्या एका भावाने विचारले, "दादा, घराच्या वाशांसाठी आता राईतलं झाड तोडलं तर चालंल ना?" मी म्हणालो, "आता कशाला भ्यायचं? तोड." त्याच्या म्हाताऱ्या आईने मला बाजूला घेतले. "लेकरा, तुझा देव मोठा असंल. पण राईखालचा झरा आम्हाला उन्हाळाभर पाणी देतो. उद्या सगळेच कुऱ्हाड घेऊन गेले तर?" माझ्याकडे उत्तर नव्हते. झाड वाचले ते तिच्यामुळे.

आपल्याच पुणे जिल्ह्यात भीमाशंकर, आहुपे, मावळ या भागांत अशा देवराया आहेत. राई देवाची, तिथे कुऱ्हाड चालवायची नाही. कित्येक ठिकाणी वाळके लाकूडही उचलत नाहीत. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि डॉ. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. भोवतालचे डोंगर उघडे पडले, तरी राईत जुने वृक्ष आणि गारंबीच्या प्रचंड वेली टिकून होत्या. केनियात मिजिकेंडा लोकांनी 'काया' नावाची राने अशीच राखली. 2008 साली युनेस्कोने ती जागतिक वारसा ठरवली. आणि इथिओपियात तर अशी राने चर्चच्याच भोवती उभी आहेत! तिथल्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांनी ती पिढ्यानपिढ्या सांभाळली.

कोणी म्हणेल, गिदोनाने अशेरा तोडली होती. खरे आहे. आठव्या शतकात बोनिफेसनेही जर्मनीत ओक पाडला. पण अनुवादाच्या 20 व्या अध्यायात, वेढा घातलेल्या शत्रूच्या नगराचीही फळझाडे तोडू नका अशी आज्ञा आहे. अब्राहामाने बैर-शेबा येथे झाड लावले आणि तिथेच परमेश्वराचे नाव घेतले. आपण झाडाची पूजा करत नाही, बरोबर. म्हणून ते तोडायचा परवाना मिळाला, असे कोणत्या वचनात आहे?

तो भाऊ आता राईत नारळ फोडायला जात नाही. पण वणव्याच्या दिवसांत राईभोवतीचे वाळके गवत कापायला सारी वाडी निघते, तेव्हा विळा घेऊन तो सर्वांत पुढे असतो. त्याची आई आता नाही.

झऱ्याखाली वाडीला पाण्याची लहान टाकी बांधायची आहे. श्रमदानाला येणाऱ्यांनी सभेनंतर माझ्याकडे नावे द्यावीत.