टाचणावरील सही

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त हिवरे बाजार येथे झालेल्या छात्राध्यापक शिबिरातील भाषण)



पन्नासाव्या वर्षी ट्रस्टने शिक्षक होऊ घातलेल्या मुलामुलींचे शिबिर घेतले, आणि ते नगरच्या एखाद्या सभागृहात न घेता या गावात घेतले, याबद्दल प्रथम विश्वस्तांचे आभार मानतो. मला दिलेला विषय आहे, ‘बी.एड. अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांकडून व प्राध्यापकांकडून अपेक्षा’. अशा विषयावर वक्ता बहुधा विद्यार्थ्यांवरच घसरतो. मी आरंभ प्राध्यापकांपासून, म्हणजे स्वतःपासूनच करतो.

अध्यापक महाविद्यालयात मी दीर्घकाळ शिकविले. सराव पाठांच्या दिवसांत एकाच तासाला तीन वर्गांवर तीन पाठ चालत आणि निरीक्षक मी एकटा. पहिल्या वर्गात दहा मिनिटे, दुसऱ्यात पाच, तिसऱ्यात डोकावलो तर डोकावलो. शेवटी तिन्ही टाचण वह्यांवर सही आणि ठरलेला शेरा, ‘फलकलेखन सुधारावे.’ एके दिवशी एका विद्यार्थिनीने वही परत घेताना शेरा वाचला आणि शांतपणे म्हणाली, “सर, आज मी फळा वापरलाच नाही. सगळा पाठ गोष्टीतून घेतला.” तिने तक्रार केली नाही. नमस्कार करून ती गेली. तो शेरा मी खोडलाही नाही. आज ती कोठेतरी वर्गावर उभी असेल, मुलांच्या वह्या तपाशीत असेल. वही कशी तपासावी हे ती माझ्याकडून काय शिकली असेल, हा प्रश्न मला अजूनही छळतो.

प्रशिक्षणाची या जिल्ह्याची परंपरा मोठी आहे. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरमध्ये, सिंथिया फरार यांच्या संस्थेत. त्या काळी ना नियामक परिषद होती, ना हजेरीची टक्केवारी. आज नियमांना तोटा नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद १९९५ पासून वैधानिक स्वरूपात काम करीत आहे. महाराष्ट्रातील डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि त्याचा अहवाल २०१२ साली आला. पुढे २०१४ च्या विनियमांनी एक वर्षाचे बी.एड. दोन वर्षांचे केले. तासिका व प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के उपस्थिती, आंतरवासितेला ९० टक्के, आणि शाळेत किमान २० आठवडे, अशा अटी घातल्या. अटी उत्तमच आहेत. परंतु हजेरीपत्रक भरणारा हात आणि त्यावर सही करणारा हात यांचे एकदा संगनमत झाले की ९० काय आणि १०० काय! ‘प्रवेश घ्या, परीक्षेला या’ असे सांगणारी महाविद्यालये आपण सर्वांनी ऐकली आहेत. तेथे शुल्क भरणारे आईबापही आपल्यातलेच असतात, हेही विसरता येत नाही.

मग हे शिबिर हिवरे बाजारला कशासाठी? येथील झाडी आणि बांधबंदिस्ती पाहण्यासाठी पाहुणे येतातच. १९८९ पूर्वी या गावी झालेली बदली ही सरकारी नोकराला शिक्षा वाटे, आणि शिक्षकही त्याला अपवाद नव्हते. त्या वर्षी श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान ही सूत्रे ग्रामसभेने स्वीकारली, हा इतिहास आपणांस ठाऊक आहे. माझे लक्ष वेधले ते पाण्याच्या ताळेबंदाने. पाऊस मोजतात, विहिरींची पातळी मोजतात, हिशेब ग्रामसभेपुढे मांडतात आणि रब्बीला कोणती पिके घ्यावयाची ते त्यावरून ठरवितात. पाऊस मुळातच कमी. पाणी कमी भरले तर पीक कमी. येथे आकडा खोटा लिहून चालत नाही, कारण उन्हाळ्यात विहीरच खरे ते सांगते. आमच्या वह्यांना असा उन्हाळा लवकर येत नाही. तो दहा वर्षांनी, कोणा दुसऱ्याच्या मुलांच्या वाट्याला येतो.

म्हणून विद्यार्थ्यांकडून माझी पहिली अपेक्षा अशी की टाचण स्वतःचे असावे. तयार टाचणे बाजारात मिळतात, वरच्या वर्गाच्या वह्या हातोहात फिरतात, हे आम्हांस कळत नाही असे समजू नका. आंतरवासितेत परिपाठापासून शेवटच्या घंटेपर्यंत शाळेत थांबावे. पाठ फसला तर तसे वहीत लिहावे. फसलेल्या पाठाचे प्रामाणिक टिपण मी रंगीत तक्त्यांपेक्षा मोलाचे मानतो. घरची शेती, नोकरी, लहान मूल सांभाळून शिकणाऱ्या भगिनी येथे बसल्या आहेत. त्यांची ओढाताण मी जाणतो. त्यांना वेळापत्रकात सवलत जरूर द्यावी, सराव पाठांत मात्र देऊ नये.

प्राध्यापकांकडून अपेक्षा अधिक कडक आहेत. आपण ‘आदर्श पाठ’ देतो तो कोणापुढे? पंचविशीतील पदवीधर सातवीची मुले होऊन बसतात आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर अचूक येते! हा पाठ जिल्हा परिषदेच्या खऱ्या वर्गावर द्यावा, जेथे मागच्या बाकावरचे मूल खिडकीबाहेर पाहत असते आणि पहिल्या प्रश्नाला कोणीच हात वर करीत नाही. तेथे आपलीही फजिती होईल. छात्राध्यापकांनी ती पाहावी आणि आपल्या पाठाचे निरीक्षण लिहावे. ते वाचून त्याखाली आपण सही करावी. अंतर्गत गुण देताना त्यांचे कारण दोन ओळींत वहीत यावे. एका तासाला एकच पाठ पाहावा, आणि तो पूर्ण पाहावा. माणसे अपुरी पडतात, हे खरे आहे. तर मग पाठांची संख्या खरी लिहावी, आणि ती कमी भरली तर विद्यापीठाला तसे कळवावे.

उद्या सकाळी येथील शाळेत आपल्यापैकी दोघांचे पाठ आहेत आणि एक माझा. निवृत्तीनंतर प्रथमच फळ्यापुढे उभा राहतो आहे, तेव्हा निरीक्षकांनी भीड बाळगू नये. टाचण वह्या आज रात्री माझ्याकडे आणू नयेत. सही पाठ संपल्यावर, वर्गातच होईल.