गिरक्या घेणारे रेणू आणि खोडदच्या तबकड्या

आज रेकॉर्डिंग सुदुंबऱ्यातूनच करतोय, मागे ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या. विषय ऐकायला जड आहे: मायक्रोवेव्हच्या मदतीने छोट्या जैविक रेणूंचा आकार कसा ओळखतात. मी केमिस्ट्रीवाला नाही, कोड लिहितो. पण या विषयात मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय, तो किस्सा पुढे येईल.

सुरुवात फुगडीने करू. फुगडी घालताना हात ताणले की वेग मंदावतो, जवळ ओढले की वाढतो. वजन मधल्या अक्षापासून किती लांब आहे, यावर गिरकी ठरते. आमच्या गावात संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे, त्यामुळे तेलाचा घाणा इथे सगळ्यांना ठाऊक. घाण्याच्या लांब दांड्याच्या टोकाला ओझं बांधलं की तो फिरवायला जास्त जोर लागतो. तेच गणित.

रेणूपण असाच फिरतो, फक्त एक फरक आहे. घाणा कुठल्याही वेगाने फिरवता येतो. रेणूला ठरावीक पायऱ्याच असतात, अधलंमधलं काही नाही. एका पायरीवरून दुसरीवर जाताना तो ठरावीक फ्रिक्वेन्सीची लहर घेतो किंवा सोडतो, आणि छोट्या रेणूंच्या बाबतीत ही लहर बहुतेकदा मायक्रोवेव्हमध्ये पडते. अट एकच, रेणूच्या एका बाजूला किंचित धन आणि दुसऱ्या बाजूला किंचित ऋण प्रभार हवा. नाहीतर लहरीला पकडायला मूठच मिळत नाही.

(नाही, घरातला मायक्रोवेव्ह असं काम करत नाही. त्याची फ्रिक्वेन्सी 2450 मेगाहर्ट्झ. सुट्ट्या पाण्याच्या रेणूची एक प्रसिद्ध रेष 22 गिगाहर्ट्झच्या आसपास आहे. भातातलं पाणी एकमेकांना इतकं चिकटलेलं असतं की मोकळी गिरकी घ्यायला जागाच नसते.)

म्हणून प्रयोगात रेणू वायुरूपात, एकेकटा आणि शक्यतो थंड लागतो. तीन अक्ष, तीन आकडे. मग एका कार्बनच्या जागी जरा जड कार्बन असलेला तोच रेणू घ्यायचा. रेषा किती सरकल्या यावरून तो कार्बन नेमका कुठे बसलाय ते कळतं. असं एकेक अणू करत अख्खा सांगाडा उभा राहतो. फोटो न काढता!

आता आपल्या जिल्ह्यातली गोष्ट. सुदुंबऱ्याहून चाकण, राजगुरुनगर, मंचर करत नारायणगाव गाठा, तिथून खोडद. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 30 तबकड्या, प्रत्येकी 45 मीटर व्यासाची. 2003 साली जयराम चेंगलूर आणि निस्सीम काणेकर यांनी या दुर्बिणीतून आकाशगंगेच्या केंद्राजवळच्या सॅजिटेरियस बी2 नावाच्या ढगात अ‍ॅसिटाल्डिहाइडचा नकाशा काढला. अंतर साधारण 26 हजार प्रकाशवर्षं.

अ‍ॅसिटाल्डिहाइड म्हणजे सात अणूंचा रेणू. पिकलेल्या फळात असतो, आणि दारू प्यायल्यावर यकृत आधी तोच बनवतं. त्याची जी रेष त्यांनी पकडली ती 1065 मेगाहर्ट्झची. हा आकडा येतो कुठून, हा माझा सगळ्यात आवडता भाग. रेणू लांबट आहे. लांबीला आडवे असे दोन अक्ष जवळपास सारखे, पण अगदी सारखे नाहीत. एकाचा आकडा साधारण 10.16 गिगाहर्ट्झ, दुसऱ्याचा 9.10. करा वजाबाकी. रेणू दोन बाजूंनी जितका बेढब आहे, तेवढीच ती रेष! आणि आपल्या मोबाइलचे 900 आणि 1800 मेगाहर्ट्झचे बँड तिच्या दोन्ही बाजूंना. खोडदला फोन बंद का करायला लावतात ते आता कळलं असेल.

हा रेणू त्या ढगात आहे हे 1970 च्या दशकापासून माहीत होतं. नवीन काय होतं? तिथले बहुतेक गुंतागुंतीचे सेंद्रिय रेणू एका छोट्या, गरम गाभ्यात दाटलेले आहेत, हा मात्र कितीतरी मोठ्या भागात पसरलेला दिसला.

आता माझी फजिती. मला ग्लायसिन शोधायचं होतं. सगळ्यात साधं अमिनो आम्ल, दहा अणू. रेणूंच्या रेषांचे कॅटलॉग नेटवर फुकट मिळतात. मी एक स्क्रिप्ट लिहिली, दुर्बिणीचा सार्वजनिक डेटा घेतला आणि जुळणाऱ्या रेषा मोजल्या. भरपूर जुळल्या! रात्री दोनला मित्राला फोन केला. त्याने एवढंच विचारलं, ‘जी रेष दिसायलाच हवी होती आणि दिसली नाही, अशी एखादी आहे का?’ ते मी तपासलंच नव्हतं. तपासलं, तर निम्म्या ठळक रेषा गायब. त्या ढगात इतक्या रेषांची गर्दी आहे की कुठलीही यादी दिली तरी काहीतरी जुळतंच.

मोठ्यांचंही असं झालंय. 2003 मध्येच एका गटाने 27 रेषांच्या आधारे अंतराळात ग्लायसिन सापडल्याचं जाहीर केलं. 2005 मध्ये लुईस स्नायडर आणि सहकाऱ्यांनी तपासलं, तर असायलाच हव्यात अशा मुख्य रेषाच सापडल्या नाहीत. पुढे 67पी या धूमकेतूजवळ रोझेटा यानाला ग्लायसिन मिळालं, ते 2016 मध्ये जाहीर झालं, पण ते रेषांवरून नाही, रेणूंचं वस्तुमान मोजून.

प्रयोगशाळेतही ग्लायसिनने चकवलं होतं. 1978 मध्ये त्याच्या रेषा पहिल्यांदा मिळाल्या, पण त्या त्याच्या कमी स्थिर ठेवणीच्या निघाल्या. कारण तिच्यातला प्रभाराचा असमतोल दुसरीच्या जवळजवळ पाचपट, आणि रेषेची ताकद त्याच्या वर्गाने वाढते, म्हणजे पंचवीसपट. जास्त स्थिर ठेवण तिथेच होती, फक्त हळू बोलत होती. गणिताने सांगितलं की आणखी एक असणार, मग 1980 मध्ये तिच्याही रेषा सापडल्या. माझ्या स्क्रिप्टमध्ये आता रेषेची अपेक्षित ताकद हा वेगळा कॉलम आहे, आणि न दिसलेल्या रेषांची यादी सगळ्यात वर छापली जाते. अजून तरी ती यादी लांबच येते.

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं, तबकड्या जवळून बघता येतात. हा एपिसोड जाताना गाडीतच ऐकून घ्या, तिथे पोचलात की फोन बंद.