बाजारपेठेचा रस्ता आणि सल्लागार समिति

एखादें गांव ओळखावयाचें असेल, तर तेथील देवळें व कचेऱ्या पाहण्यापूर्वीं भर बाजारपेठेच्या रस्त्यानें एकदां सकाळीं व एकदां संध्याकाळीं पायीं चालून यावें, असें मी नेहमीं सांगत आलों आहें. घराच्या आंतील व्यवस्था घरधनी पाहतो. परंतु उंबरठ्याबाहेरची जागा सर्वांची असते, आणि सर्वांची म्हणूनच पुष्कळदां ती कोणाचीच नाहीं, अशी तिची अवस्था होते. ही सर्वांची जागा सुधारावयाची, तर नागरिकांच्या सल्लागार समितीनें काय करावें व काय करूं नये, याविषयीं चार शब्द बोलण्याची संधि नभोवाणीनें मला दिली आहे. मी स्थापत्यशास्त्र जाणत नाहीं. मॅट्रिक होऊन मी प्राथमिक शाळेंत शिक्षक झालों आणि तेथूनच निवृत्त झालों. आजवर अशा दोन समित्यांवर बसण्याचा योग मला आला. त्यांपैकीं पहिलींत माझ्या हातून जी चूक घडली, ती आधीं सांगतों. कारण पुढील सारें विवेचन तिच्यांतूनच निघालें आहे.

ही गोष्ट सुमारें तीस वर्षांपूर्वींची. मी नोकरीनिमित्त ज्या गांवीं होतों, त्याचें नांव सांगत नाहीं. तशीं गांवें आपल्याकडे पुष्कळ आहेत. तेथील बाजाररस्त्यावर गर्दी फार होऊं लागली, तेव्हां सुधारणा सुचविण्यासाठीं एक समिति नेमण्यांत आली. एक डॉक्टर, एक वकील, दोन कापडाचे व्यापारी, आणि अक्षर चांगलें म्हणून टिपण लिहावयास मी, असे आम्ही पांच जण तींत होतों. बैठकी शाळेच्या सभागृहांत भरत. टेबलावर मोठा नकाशा पसरलेला असे, चहा येई, आणि चर्चा अगदीं सभ्यपणें चाले. तिसऱ्या बैठकींत आम्हीं एकमतानें ठरविलें कीं, पदपथावर बसणाऱ्या भाजीवाल्या हेंच गर्दीचें मूळ होय. सबब त्यांना बाजारामागील मोकळ्या पटांगणांत हलवावें. तो अहवाल मीं वळणदार अक्षरांत लिहिला व त्याखालीं सही केली. आमचा सल्ला तात्काळ मानला गेला. एके दिवशीं सकाळीं रिकामा झालेला पदपथ पाहून मला मनापासून धन्यता वाटली.

ती धन्यता महिनाभरहि टिकली नाहीं. रिकाम्या जागेवर दुचाकी गाड्या उभ्या राहूं लागल्या. दुकानांतील माल पायरी उतरून खालीं आला. आणि पूर्वीं भाजीच्या पाट्या चुकवून जाणारीं माणसें आतां मोटारी चुकवीत भर रस्त्यांतून चालूं लागलीं. मागील पटांगणांत पाणी नव्हतें, सावली नव्हती, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईक नव्हतें. कचेरींतून घरीं परततांना सहज कोथिंबिरीची जुडी घेणारा मनुष्य तेवढ्या जुडीसाठीं वांकडी वाट करून जात नाहीं, ही साधी गोष्ट आम्हां पांच शहाण्यांच्या ध्यानांत आली नव्हती.

त्याच सुमारास माझ्या सातवीच्या वर्गांतील एका हुशार मुलाच्या नांवापुढें हजेरीपटांत ओळीनें गैरहजेरी पडूं लागली. चौकशीसाठीं मी त्याच्या घरीं गेलों. त्याची आई त्या भाजीवाल्यांपैकींच एक होती. धंदा बसल्यामुळें तिनें मुलाला एका गॅरेजांत कामाला लावलें होतें. मी तिला शिक्षणाचें महत्त्व सांगूं लागलों. तिनें सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हटलें, "गुरुजी, त्या कागदावर तुमची बी सही हाय म्हनं. लिवायच्या आदी येकदा माज्या पाटीपाशी येऊन बसला असता, तर म्यां सांगितलं असतं." तिची जुनी जागा आमच्या सभागृहापासून दोनशें पावलांवरहि नव्हती. माझ्याजवळ उत्तर नव्हतें. तो मुलगा शाळेंत परत आला नाहीं.

सल्ला देणाराच्या हातीं अधिकार नाहीं, म्हणून त्याच्यावर जबाबदारीहि नाहीं, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती सर्वस्वी खोटी होय. ज्याच्या हातीं अधिकार असतो, त्याला निवडणुकीला, हिशेबतपासणीला किंवा न्यायालयाला केव्हां ना केव्हां तोंड द्यावें लागतें. सल्लागार मात्र दोन शब्द लिहून मोकळा होतो. तेव्हां त्यानेंच स्वतःवर अधिक कडक नियम घालून घेतले पाहिजेत. त्यांतील पहिला नियम असा कीं, आपल्या सल्ल्यानें ज्याचें नुकसान होण्याचा संभव असेल, त्याला समितींत बसवावें, आणि तेंहि ठराव लिहिण्यापूर्वीं बसवावें.

पुढें कायद्यानेंहि हा नियम कांहीं अंशीं घालून दिला, ही समाधानाची गोष्ट आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ रोजीं अमलांत आली, आणि तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठीं प्रभाग समित्यांची तरतूद झाली. त्यानंतर २०१४ सालीं पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचें संरक्षण करणारा कायदा संमत झाला. त्या कायद्यान्वयें नगर पथविक्रेता समिति स्थापावयाची असून, तिच्यांत निदान चाळीस टक्के सभासद पथविक्रेत्यांनीं आपल्यांतून निवडून दिलेले असावे लागतात, व त्यांपैकीं एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात. विक्रेत्यांची पाहणी पुरी होऊन त्यांना प्रमाणपत्रें मिळेपर्यंत कोणालाहि हलवूं नये, आणि हलवावयाचेंच झाल्यास तीस दिवसांची सूचना द्यावी, असेंहि त्यांत सांगितलें आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या आईला अशा समितींत जागा असती, तर आमचा अहवाल निराळा झाला असता. अर्थात् कायदा खुर्ची मांडून देतो. खुर्चीवर बसलेल्याचें म्हणणें ऐकून घेण्याची बुद्धि मात्र आपणच आणावी लागते.

सल्ला ऐकला जावा, तर तो कसा असावा, याचें एक चांगलें उदाहरण मुंबईंत पाहावयास मिळतें. कोटांतील दादाभाई नवरोजी मार्ग, म्हणजे पूर्वींचा हॉर्नबी रोड, आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिला असेल. जुन्या किल्ल्याचे तट १८६० नंतरच्या दशकांत पाडण्यांत आले, आणि कालांतरानें या मार्गाच्या दुतर्फा भव्य इमारती उठल्या. १८९६ सालच्या एका नियमानें या इमारतींच्या तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठीं कमानींची सलग ओवरी ठेवणें बंधनकारक केलें. त्यामुळें प्रत्येक इमारत निरनिराळ्या शैलीची असूनहि पायीं जाणाराला ऊन व पाऊस न लागतां चालतां येतें. परंतु पुढें दुकानांच्या पाट्या एकीवर एक चढत गेल्या, आणि कमानी त्यांच्याआड दडल्या. १९९५ सालीं मुंबईंत वारसा इमारतींसाठीं नियम झाले व महापालिकेस सल्ला देण्यासाठीं वारसा संवर्धन समितीची योजना झाली. शतकाच्या अखेरीस स्थापत्यविशारद आभा नारायण लांबा यांनीं या मार्गाचा अभ्यास करून पाट्या कोठें व केवढ्या असाव्यात याचे नियम आंखले. दुकानदार व इमारतींतील रहिवासी यांना या कामांत सामील करून घेण्यांत आलें, आणि २००४ सालीं युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पारितोषिकांत या कामाचा गौरव झाला.

यांतील मर्म असें कीं, दुकानदाराला "पाटी काढ" एवढेंच सांगून कोणी थांबलें नाहीं; "पाटी येथें लाव, म्हणजे तुझें नांवहि दिसेल व कमानहि दिसेल," असें सांगितलें गेलें. निषेध करणें सोपें असतें; जागा दाखवून देणें कठीण असतें. आमच्या पहिल्या समितीनें सोपें काम केलें होतें.

निवृत्तीनंतर मी सध्यां राहतों त्या पेठेंत दुसऱ्या समितीचें बोलावणें आलें, तेव्हां मीं एकच अट घातली. पहिली बैठक सभागृहांत न भरवितां रस्त्यावर भरवावी, आणि ती सकाळीं, भर दुपारीं व दिवेलागणीनंतर अशी तीन वेळां व्हावी. आमच्याबरोबर एक भाजीवाली, एक हमाल, कुबडी घेऊन चालणारे एक वृद्ध गृहस्थ आणि शाळेंत पायीं जाणाऱ्या दोन मुली होत्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणें पदपथावर चालण्यासाठीं निदान १·८ मीटर रुंदीची जागा सर्वस्वी मोकळी पाहिजे. चाकांच्या दोन खुर्च्या एकमेकींजवळून जाऊं शकतील, एवढी ती रुंदी होय. खडू ही माझी जुनी ओळखीची वस्तु. त्या खडूनें आम्हीं तेवढ्या अंतरावर एक पांढरी रेघ दुकानांच्या ओळीला समांतर ओढीत नेली.

त्या रेघेनें जें दाखविलें, तें कोणत्याहि नकाशानें दाखविलें नसतें. भाजीवाल्यांपैकीं बहुतेक जणी रेघेच्या बाहेरच होत्या. ज्या दोघी आंत होत्या, त्यांनीं आपल्या पाट्या आपणहून हातभर मागें ओढल्या. वाट अडली होती ती दुकानांच्या वाढविलेल्या पायऱ्यांनीं, उभ्या केलेल्या गाड्यांनीं, आणि भर मध्यें बसविलेल्या विजेच्या एका लोखंडी पेटीनें. कुबडीवाले गृहस्थ त्या पेटीपाशीं आले, थांबले, आणि पदपथ उतरून रहदारींत शिरले. त्यांच्या मागून जातांना आम्हां सर्वांच्या छातींत धस्स झालें. रात्रींच्या फेरींत त्या मुलींनीं निराळीच गोष्ट सांगितली. भाजीवालीचा कंदील असतो तोंवर त्या कोपऱ्यावरून जावयास भय वाटत नाहीं; ती उठून गेली म्हणजे त्या दुसऱ्या वाटेनें जातात. जिला आम्हीं एके काळीं अडथळा म्हटलें, ती त्या रस्त्याची राखणदार होती.

आमचा दुसरा अहवाल दोन पानांचा झाला. प्रत्येक सूचनेपुढें जागा, मोजमाप आणि काम करणाराचें खातें लिहिलें, व लेखी उत्तर मागितलें. पायऱ्या मागें सरल्या. गाड्यांसाठीं समोरच्या बाजूस जागा आंखली गेली. पेटी मात्र अद्याप तेथेंच आहे. दर बैठकीच्या आरंभीं मी तिचा विषय पुन्हां वाचतों, आणि ती हलेपर्यंत वाचीत राहणार आहें.

मोठा बदल लोकांच्या गळीं उतरत नसेल, तर तो एक दिवस करून पाहावा. पुण्याच्या महानगरपालिकेनें ११ डिसेंबर २०२१ रोजीं पादचारी दिन पाळून लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवसापुरता वाहनांस बंद ठेवला. ज्या रस्त्यावर सदैव अंग चोरून चालावें लागतें, तेथें माणसें रस्त्याच्या मधून निवांत चाललीं. अशा एका दिवसानें वाद मिटतात असें नाहीं. पण कल्पनेवर चाललेला वाद अनुभवावर येतो, आणि दुकानदार, रहिवासी व पादचारी या तिघांनाहि आपापला लाभ व अडचण नेमक्या शब्दांत सांगतां येते.

शेवटीं एकमताविषयीं एक शब्द. आमच्या पहिल्या समितीला आपल्या एकमताचा मोठा अभिमान होता. वास्तविक तें एकमत नव्हतें, विरोध करणारा माणूस खोलींत नव्हता एवढेंच. महात्मा जोतिराव फुले १८७६ सालीं पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद झाले. मंडईची मोठी इमारत बांधण्याचा बेत पुढें आला, तेव्हां हा पैसा शिक्षणाकडे लावावा असें सांगून त्यांनीं विरोध केला. मंडई बांधली गेली, व तिला गव्हर्नर रे यांचें नांव मिळालें. पुढें तेंच नांव बदलून तिला जोतिरावांचें नांव देण्यांत आलें. मुंबईची क्रॉफर्ड मार्केटहि आज त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. मंडई असावी कीं नसावी हा प्रश्न आतां उरला नाहीं. परंतु या पैशानें आधीं कोणाची गरज भागवावी, हा त्यांचा प्रश्न आजहि प्रत्येक समितीपुढें उभा आहे. म्हणून समितींतील विरोधी मत खोडूं नये. तें सभेच्या वृत्तांतांत जसेंच्या तसें लिहून ठेवावें.

श्रोतेहो, उद्यां आपल्या पेठेंत अशी समिति निघाली आणि आपणांस बोलावणें आलें, तर अवश्य जा. मात्र सही करण्यापूर्वीं उठून बाहेर या, आणि ज्याच्याविषयीं ठराव होत आहे, त्याच्या पाटीपाशीं घटकाभर बसा. तो काय म्हणतो तें ऐका, मग लेखणी हातीं घ्या. मीं हें केलें नाहीं, आणि त्याचें मोल दुसऱ्याच्या मुलाला द्यावें लागलें. आपल्यापैकीं कोणावर ती पाळी न येवो, एवढी इच्छा व्यक्त करून आपली रजा घेतों.