घाटात तापणारी जुनी गाडी

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समधून बाहेर पडलेली पद्मिनी गायमुखचा चढ चढू लागली, की इंजिनाचा पंखा इंजिनाच्याच वेगाने फिरतो, कारण तो पट्ट्यावर चालतो. गाडी वाहतूक कोंडीत रांगू लागली, की तोही मंदावतो. नेमकी हवा हवी असते तेव्हाच ती कमी पडते! १९९०च्या दशकात कल्याणच्या कारखान्यात तयार झालेल्या प्यूजो ३०९मध्ये हा घोळ नव्हता; तिचा पंखा विजेवर चालत असे. पण तिचीही फ्यूज उडाली किंवा तापमानाचा स्विच बिघडला, की शिळफाट्यावर काटा लालकडे सरकणारच.

काही मेकॅनिक ‘इंजिन तापतंय’ म्हणताच थर्मोस्टॅट काढून टाकतात. हा उपाय रोगापेक्षा वाईट. इंजिन गरम व्हायला वेळ घेतं, पेट्रोल जास्त पितं, झिजतंही लवकर. त्याऐवजी रेडिएटरच्या जाळीतला चिखल धुवावा, झाकणाचं रबर तपासावं. झाकणाने दाब टिकवला, तर पाणी शंभर अंशांपुढेही उकळत नाही. म्हणूनच गरम झाकण उघडणं धोक्याचं.

गिअरबॉक्सचं गणित वेगळं. हाताने गिअर टाकायच्या गाडीत चढावर अर्धा क्लच दाबून थांबलं, तर क्लच प्लेट जळते. तिथे हँडब्रेकच हवा. ऑटोमॅटिक गाडीत मात्र गिअरचं तेल बहुधा रेडिएटरमधूनच थंड होतं. तिथली नळी आतून फुटली, तर तेल आणि कूलंट एकमेकांत मिसळतात. कूलंटच्या टाकीत गुलाबी, दुधाळ साय दिसली, की गाडी पुढे न रेटता टो करूनच न्यावी.