धूर, उष्मा आणि माणसाचे मन

(प्रार्थनालयाच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



आजचा विषय जड आहे, तरी तो टाळणे योग्य नाही. न्यूझीलंडमध्ये दरवर्षी पाचशेहून अधिक माणसे आत्महत्येने जातात. अशा मृत्यूमागे एकच कारण नसते. आजार, एकटेपणा, कर्ज, दुरावलेली नाती यांचे ओझे एकावर एक चढत जाते. त्या ओझ्यात हवेचा आणि उष्म्याचाही वाटा असतो, आणि तो वाटा हलका करणे पुष्कळ अंशी माणसाच्या हाती आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

क्राइस्टचर्चपासून प्रारंभ करतो. हिवाळ्यातील निरभ्र, वारा पडलेल्या रात्री तेथे जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी बसते. घराघरांतील लाकडाच्या शेगड्यांचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. २००४ साली सरकारने हवेतील कणांना देशभर मर्यादा घातली : चोवीस तासांची सरासरी दर घनमीटरला ५० मायक्रोग्रॅम. क्राइस्टचर्च ही मर्यादा हिवाळ्यात वारंवार ओलांडीत असे. शेगड्यांचे नियम कडक झाल्यावर अशा रात्री बऱ्याच घटल्या.

हवेचे असेच झाकण चीनमध्ये संशोधकांच्या उपयोगी पडले. धूर आणि दुःख एकाच वेळी वाढले, तरी दोहोंचे मूळ तिसऱ्याच गोष्टीत असू शकते, ही शंका नेहमी उरते. परंतु हवेचे झाकण कोणाचा संसार पाहून बसत नाही. त्याच्यामुळे धूर कोंडलेल्या आठवड्यांची इतर आठवड्यांशी तुलना केली, तेव्हा त्याच आठवड्यात आत्महत्याही वाढल्याचे दिसले. सर्वाधिक परिणाम वृद्ध स्त्रियांवर झाला होता. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा अंदाज असा, की २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत हवा सुधारल्यामुळे चीनमध्ये सुमारे ४६,००० आत्महत्या टळल्या. अडीच मायक्रॉनहून बारीक कण फुप्फुसांतून रक्तात उतरतात, शरीरात दाह उत्पन्न करतात आणि त्या दाहाची झळ मेंदूलाही लागते, असे शास्त्रज्ञ मानतात.

आता उष्म्याविषयी. आपले पूर्वज ज्या भूमीत राहिले, तेथील शेतकऱ्याचे दुःख आपण जाणतो. टॅमा कार्लटन या संशोधिकेने भारतातील १९६७ ते २०१३ या काळाचे आकडे तपासले. पिकांच्या हंगामात, पारा २० अंशांच्या वर असताना, एका दिवशी एक अंश वाढला तर देशात सुमारे ६७ आत्महत्या अधिक होतात, असे त्यांना आढळले. हंगाम नसताना मात्र तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे तेथे उष्मा शेतातून घरात शिरतो : पीक करपते आणि घराचा आधार जातो.

परंतु शेती नसलेल्यांनाही उष्मा सोडीत नाही. २०१८ च्या एका अभ्यासानुसार महिन्याचे सरासरी तापमान एका अंशाने वाढले, की आत्महत्यांचे प्रमाण अमेरिकेत ०.७ टक्के आणि मेक्सिकोत २.१ टक्के वाढते. उष्ण प्रदेशातील लोकांना सवय असूनही ते यातून सुटले नव्हते. तापलेल्या रात्री झोप मोडते, आणि खचलेल्या मनाला झोपेवाचून दुसरा विसावा नसतो.

न्यूझीलंड थंड देश आहे, म्हणून निश्चिंत राहू नये. ५ जानेवारी २०२० रोजी ऑस्ट्रेलियातील वणव्यांचा धूर समुद्र ओलांडून आला आणि ऑकलंडचे आकाश भरदुपारी नारिंगी झाले, हे आपल्यापैकी कित्येकांनी पाहिले आहे.

मग आपण काय करावे? शेगडीत वाळलेलेच लाकूड जाळावे. ओले लाकूड अधिक धूर करते. धुराच्या दिवशी खिडक्या मिटाव्यात, उकाड्यात पाणी पीत राहावे. मनाच्या विकारांवरील काही औषधे, विशेषतः लिथियम, घेणाऱ्यांना उष्मा अधिक बाधतो. त्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये.

शब्बाथ लागण्यापूर्वी आपण एकमेकांना फोन करतोच. धुराच्या वा उकाड्याच्या आठवड्यात तो फोन प्रथम एकट्या राहणाऱ्या मावशीला, आजीला, परगावी शिकणाऱ्या मुलाला करावा. झोप लागते का, जेवण जाते का, हे विचारावे. शंका आली तर जीव नकोसा वाटतो का, हेही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. १७३७ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य फोन करता येतो किंवा संदेश पाठवता येतो. तातडीच्या वेळी १११ फिरवावा. जीव वाचविण्यासाठी शब्बाथही मोडावा, ही आपल्या धर्मशास्त्राची आज्ञा आहे. तेव्हा शनिवारीदेखील हा फोन करण्यास कोणी कचरू नये.