अपस्मार : आजार आणि आपली नजर
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षभराच्या कामाचे आकडे आपल्या हाती असलेल्या अहवालात आहेत. किती रुग्ण तपासले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती खर्च झाला, हे सारे त्यात नोंदले आहे. अहवालाच्या कोणत्याही रकान्यात न मावणाऱ्या एका गोष्टीविषयी आज बोलावे, असे आम्हांला वाटते. काही आजारांत रुग्णाला दोन दुखणी सोसावी लागतात : एक शरीराचे आणि दुसरे लोकांच्या नजरेचे. कुष्ठरोग, कोड, मनोविकार ही त्यांतली परिचित नावे. याच पंक्तीतला एक आजार म्हणजे अपस्मार. आपण त्याला आकडी, फेफरे, मिरगी किंवा नुसते फिट येणे म्हणतो.

जगात सुमारे ५ कोटी माणसे अपस्मारासह जगत आहेत. त्यांतली जवळजवळ ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान व नियमित औषधोपचार मिळाले तर १०० पैकी ७० रुग्णांपर्यंत झटके पूर्णपणे थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेनोबार्बिटोन या औषधाचा अपस्मारावरील गुण १९१२ साली लक्षात आला आणि आजही ते वापरात आहे. साध्या औषधांवरचा खर्च वर्षाला माणशी ५ डॉलर इतका कमी असू शकतो, असे हीच संघटना म्हणते. म्हणजे औषध आहे, ते जुने आहे, स्वस्तही आहे. तरीही असंख्य रुग्ण उपचाराविना राहतात. औषध आणि रुग्ण यांच्यामध्ये जे उभे आहे, त्यात गरिबी आहे, अंतर आहे, आणि त्याबरोबरच लाज आहे.

हा आजार मानवजातीला नवा नाही. चरकसंहितेत अपस्माराच्या निदानाला आणि चिकित्सेला स्वतंत्र अध्याय आहेत. आजार म्हणून त्याचा विचार आपल्या परंपरेत इतका जुना असूनही, घरात पहिला झटका आला की आजही अनेक कुटुंबे प्रथम देवऋषीकडे जातात. कोणी करणी म्हणते, कोणी बाहेरची बाधा. अंगारे-धुपारे आणि गंडेदोरे यांत महिने निघून जातात. त्या कुटुंबांना आम्ही दोष देत नाही. डोळ्यांदेखत मूल ताठ होते, तोंडाला फेस येतो, डोळे फिरतात. ते पाहून कोणाचेही काळीज हलेल. भीतीला उत्तर हवे असते आणि जो प्रथम उत्तर देतो त्याच्याकडे माणूस जातो.

वस्तुतः घडते ते असे. मेंदूतील पेशी सूक्ष्म विद्युत्संदेशांनी परस्परांशी बोलतात. काही क्षण हे संदेश एकाच वेळी, अनावर उसळतात, तोच झटका. डोक्याला झालेली इजा, जन्मवेळी मेंदूला कमी पडलेला प्राणवायू, मेंदूज्वर, पक्षाघात, आनुवंशिकता अशी कारणे त्यामागे असू शकतात. पुष्कळदा कारण सापडतही नाही. आपल्या देशात एक टाळता येण्याजोगे कारण आहे : फीतकृमीची अंडी दूषित पाणी, न धुतलेल्या भाज्या किंवा अस्वच्छ हात यांतून पोटात जातात आणि त्यांच्या अळ्या मेंदूत गाठी करतात. आयुष्यभर शाकाहारी असलेल्या माणसालाही हा त्रास होऊ शकतो.

प्रत्येक झटका जमिनीवर पाडणारा नसतो. वर्गात एखादे मूल काही सेकंद शून्यात पाहत राहते, प्रश्नाला उत्तर देत नाही. शिक्षकांना वाटते, लक्ष नाही. एखादा माणूस रस्त्यात थबकतो, ओठ चाळवतो, सदऱ्याची बटणे चाचपतो. लोकांना वाटते, प्यायलेला आहे. मुलाला छडी मिळते, माणसाला शिव्या मिळतात. झटका ओसरल्यावर दोघांनाही आपण काय केले ते आठवत नाही. समोरचे चेहरे का बदलले, एवढेच त्यांना उमगत नाही.

या अज्ञानाची छाया आपल्या कायद्यावरही पडली होती. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली जी दुरुस्ती झाली, तिने वारंवार येणारे वेडाचे आणि अपस्माराचे झटके एकाच कलमात शेजारी-शेजारी बसवले आणि अशी व्यक्ती विवाहास अपात्र ठरवली. १९९९ साली तो शब्द कायद्यातून वगळला गेला. कायद्याने आपली चूक दुरुस्त केली त्याला पाव शतक उलटले. घराघरांतल्या बैठकीत मात्र ती दुरुस्ती अजून पोहोचलेली नाही. बाह्यरुग्ण विभागात आम्हांला अशा मुली भेटतात, ज्यांचा आजार लग्नाच्या वेळी लपवला गेला. सासरी कळेल या धास्तीने गोळ्या तांदळाच्या डब्यात ठेवायच्या, कोणी पाहिले तर त्या दिवशीची गोळी चुकवायची, आणि औषध अचानक तुटल्यामुळेच पुन्हा झटका यायचा. मग माहेरी पाठवणी. औषधाने बरी राहू शकणारी मुलगी लपवालपवीने आजारी पडते, हे दुःख आम्हांला कोणत्याही आलेखात दाखवता येत नाही.

कामाच्या ठिकाणीही हेच. चुलीपाशी, विहिरीच्या काठी, उंचावर किंवा फिरत्या यंत्रापाशी झटका आला तर जिवाला धोका असतो. वाहन चालवण्याविषयीचे निर्बंधही योग्यच आहेत. ही सावधगिरी झाली. परंतु झटके आटोक्यात असलेल्या माणसाला टेबलापाशी बसून करण्याच्या कामावरूनही काढून टाकणे, मुलीची शाळा बंद करणे, पंगतीत तिचे ताट वेगळे मांडणे, याला सावधगिरी म्हणता येणार नाही. हा आजार स्पर्शाने, उष्ट्याने किंवा श्वासाने पसरत नाही.

करुणा म्हणजे केवळ हळहळणे असे आम्ही मानत नाही. ती कृतीत दिसावी, आणि ती कृती अगदी सोपी आहे. कोणाला झटका आला तर घाबरू नका. आजूबाजूच्या टणक, धारदार वस्तू दूर करा. डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने झटका थांबत नाही. तो बहुधा आपोआपच थांबतो. अंग सैल होताच व्यक्तीला एका कुशीवर वळवा. घड्याळ पाहा : झटका ५ मिनिटांहून अधिक चालला, किंवा शुद्ध येण्यापूर्वी दुसरा आला, तर विनाविलंब रुग्णालय गाठा. शुद्धीवर येताना जवळ थांबा. कपडे ओले झाले असतील तर त्यावर चादर टाका आणि गर्दी पांगवा. त्या माणसाला सर्वांत जास्त गरज याच मिनिटाला असते.

नातेवाइकांना आमची विनंती आहे : झटके थांबले म्हणून गोळ्या स्वतःहून थांबवू नका. साधारणतः किमान २ वर्षे झटक्याविना गेल्यावरच औषध हळूहळू कमी करण्याचा विचार होतो, आणि तो डॉक्टरांनीच करावयाचा असतो. बाळ हवे असेल तर आधीच सल्ला घ्या. काही औषधे गर्भाला बाधक असतात, ती वेळीच बदलता येतात. अपस्मार असलेल्या बहुतेक स्त्रिया सुदृढ बाळांच्या माता होतात.

देणगीदारांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो, की नवे यंत्र डोळ्यांना दिसते, दर महिन्याला न चुकता मिळणारी गोळी दिसत नाही. परंतु ज्या घरात आकडी येणे थांबले आहे, तेथे शाळा पुन्हा सुरू होते, मजुरी पुन्हा मिळते. आपल्या दानाचा काही वाटा या न दिसणाऱ्या कामासाठी राखून ठेवावा, अशी विश्वस्तांसमोर आमची नम्र मागणी आहे.

औषध देण्याचे काम आम्ही करूच. नजर बदलण्याचे काम मात्र रुग्णालयाच्या चार भिंतींत होणारे नाही. ते आपल्या ओसरीवर, शाळेत, कारखान्यात आणि लग्नाच्या बैठकीत व्हायचे आहे. त्यासाठी आपले सहकार्य मागतो.